हिमालय न बघता हिमरेषा सांगणारा माणूस

डोंगरावरचा बर्फ खाली कुठपर्यंत टिकतो आणि का, या एका प्रश्नामागे अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट जवळपास पन्नास वर्षं होता. त्यासाठी तो अँडीज चढला, सैबेरिया पालथा घातला. हिमालयात मात्र त्याला कुणी जाऊच दिलं नाही. तरी हिमालयाबद्दल त्यानं खोलीत बसून काढलेला निष्कर्ष बरोबर निघाला.

शाळेत भूगोलाच्या तासाला समताप रेषा काढलेल्या आठवतायत? सारखं तापमान असलेली ठिकाणं एका रेषेनं जोडायची, आणि एक रेषा दुसरीला छेदता कामा नये. जगात अशा रेषा पहिल्यांदा नकाशावर आल्या त्या १८१७ मध्ये. आणखी एक नाव आपण पाठ केलेलं असतं. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाहणारा थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह. दोन्हींमागे माणूस एकच, अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट. या माणसानं हजारो वनस्पती गोळा केल्या, तीसेक खंड लिहिले, राजांना सल्ले दिले. ते सगळं सांगायला हे पान पुरणार नाही. म्हणून आज त्याच्या एकाच वेडाबद्दल बोलू. ते वेड म्हणजे हिमरेषा.

आधी रेषा समजून घेऊ

मनालीत जानेवारीत बर्फ पडतो आणि मेपर्यंत वितळून जातो. तो हिमरेषेच्या हिशेबात धरत नाहीत. उन्हाळा संपत आला तरी ज्या उंचीच्या वर बर्फ शिल्लक असतो, ती उंची म्हणजे हिमरेषा. विषुववृत्ताजवळच्या अँडीजमध्ये हम्बोल्टच्या काळी ती सुमारे ४,८०० मीटरवर होती. आल्प्समध्ये ती तीन हजार मीटरच्या आसपास सापडते. ध्रुवांकडे जाल तशी ती खाली येत जाते आणि शेवटी समुद्रालाच टेकते.

यावरून त्या काळच्या विद्वानांनी एक सोपा नियम बांधला होता. वर्षाचं सरासरी तापमान ज्या उंचीवर शून्य अंश होतं, तिथे हिमरेषा. म्हणजे एखादं ठिकाण विषुववृत्तापासून किती लांब आहे हे कळलं की तिथली हिमरेषा घरी बसून सांगता येणार. ऐकायला एकदम लॉजिकल वाटतं. हम्बोल्टनं पुढे दाखवून दिलं की निसर्ग इतका सोपा नाही.

औषधवाला पोरगा

अलेक्झांडरचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ चा, बर्लिनमधला. वडील प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी. तो नऊ वर्षांचा असताना ते गेले. आई श्रीमंत, पण पोरांशी लांबूनच वागणारी. मोठा भाऊ विल्हेल्म अभ्यासात हुशार आणि हा कच्चा, असं शिक्षकांचं मत होतं. याचे खिसे कायम किडे, पानं, दगड, शंख यांनी भरलेले. त्यामुळे घरात त्याला छोटा औषधवाला म्हणून चिडवायचे. (विल्हेल्म पुढे मोठा भाषापंडित झाला, बर्लिन विद्यापीठ उभं राहिलं ते त्याच्या पुढाकारानं, आणि भगवद्गीतेवर त्यानं बर्लिनच्या अकादमीत निबंध वाचले.)

आईची इच्छा होती की पोरानं सरकारी नोकरी धरावी. आपल्याकडच्या कितीतरी घरांसारखीच गोष्ट. पोराच्या डोक्यात मात्र जहाजं होती. १७९० मध्ये त्याला सोबत मिळाली ती गेऑर्ग फोर्स्टरची. फोर्स्टर कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत जगभर फिरून आलेला. कालिदासाचं शाकुंतल इंग्रजीवरून जर्मनमध्ये नेणाराही तोच. दोघं ऱ्हाइन नदीच्या काठानं, हॉलंडमार्गे इंग्लंडला जाऊन आले.

फोर्स्टरनं सफरीत जे पाहिलं होतं, ते हिमरेषेच्या प्रश्नाला थेट भिडणारं होतं. जानेवारी १७७५ मध्ये, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या ऐन उन्हाळ्यात, कुकचं जहाज साऊथ जॉर्जिया बेटाला लागलं. तिथे बर्फ अगदी किनाऱ्यापर्यंत उतरलेला. ते बेट विषुववृत्तापासून जितकं दक्षिणेला आहे, साधारण तितकाच जर्मनीचा उत्तर किनारा उत्तरेला आहे. आणि त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात शेतं पिकतात. अंतर सारखं असूनही बर्फाचं गणित इतकं वेगळं कसं?

खाणीतली पाच वर्षं

आईच्या इच्छेला मान देऊन त्यानं फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीत प्रवेश घेतला आणि १७९२ मध्ये प्रशियाच्या खाण खात्यात नोकरीला लागला. वय २२. नोकरी नकोशी असली तरी काम त्यानं मनापासून केलं. खाणीत विषारी वायूनं माणसं मरायची, म्हणून त्यानं श्वासासाठी एक मुखवटा आणि विझणार नाही असा दिवा तयार केला. दिव्याची चाचणी घेताना स्वतःच बेशुद्ध पडला, सोबतच्यांनी ओढून बाहेर काढलं म्हणून वाचला. खाण कामगारांसाठी त्यानं स्वतःच्या पैशातून शाळाही काढली.

या नोकरीनं त्याला एक सवय लावली. मोजायचं, आणि मोजलेलं लगेच लिहून ठेवायचं. जमिनीखाली किती खोल गेल्यावर तापमान किती, हवा कशी, भिंतीवर कुठली बुरशी. पुढे हाच माणूस हीच सवय घेऊन उलट्या दिशेनं, डोंगरावर चढला.

१७९६ च्या नोव्हेंबरमध्ये आई वारली. वाट्याला मोठी संपत्ती आली. त्यानं राजीनामा दिला.

प्रवासाला निघणंही सोपं नव्हतं. युरोपभर युद्ध पेटलेलं, एकामागून एक बेत फसले. शेवटी स्पेनच्या राजानं त्याला आपल्या अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये फिरायचा परवाना दिला. परक्या माणसाला असा परवाना मिळणं तेव्हा फार दुर्मीळ होतं. ५ जून १७९९ रोजी तो फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोंप्लांसोबत ला कोरुन्या बंदरातून निघाला. सोबत चाळीसहून जास्त उपकरणं होती. बॅरोमीटर, थर्मामीटर, दुर्बिणी, इतकंच काय, आकाश किती निळं आहे ते मोजायचं यंत्रसुद्धा. सगळा खर्च स्वतःचा.

चिंबोराझो, २३ जून १८०२

पुढची तीन वर्षं त्यानं व्हेनेझुएला, ओरिनोको नदीचं खोरं, क्युबा आणि कोलंबिया या भागांत घालवली. व्हेनेझुएलात व्हॅलेन्सिया सरोवराचं पाणी आटत चाललं होतं. आजूबाजूचं जंगल तोडल्याचा आणि शेतीसाठी पाणी वळवल्याचा हा परिणाम आहे, असं त्यानं १८०० मध्ये नोंदवलं. कोलंबियातल्या किंदिओ घाटात पैसेवाल्या प्रवाशांना माणसाच्या पाठीवर बसवून पलीकडे न्यायची रीत होती. हम्बोल्टनं ते साफ नाकारलं आणि चिखल तुडवत पायी गेला.

१८०२ च्या सुरुवातीला तो किटोला, म्हणजे आजच्या इक्वेडोरच्या राजधानीत पोचला. आजूबाजूला सगळे ज्वालामुखी. तो एकेकावर चढत सुटला. पिचिंचा झाला, अँतिसाना झाला. मग चिंबोराझो. उंची ६,२६३ मीटर. त्या काळी तो जगातला सगळ्यात उंच पर्वत समजला जायचा.

२३ जूनला निघाले. खेचरं खाली सोडली. हिमरेषेपाशी आल्यावर वाटाडे थांबले, एकच पुढे यायला तयार झाला. उरले चौघं. हम्बोल्ट, बोंप्लां, किटोचा तरुण कार्लोस मोंतुफार आणि तो वाटाड्या. वर जायला एकच धार, काही ठिकाणी जेमतेम वीतभर रुंद. एका बाजूला बर्फाचा उतार, दुसऱ्या बाजूला खोल दरी. धुकं असं की पुढचं दिसेना. हातापायांनी रांगत चालले होते. दगडांच्या धारेनं हात सोलले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, डोळे लाल झाले, मळमळ, चक्कर. आज ट्रेकर्स ज्याला माऊंटन सिकनेस म्हणतात, तेच.

आणि या अवस्थेत हा माणूस थांबून थांबून बॅरोमीटर काढत होता. इथे दाब किती, तापमान किती, कुठलं झुडूप संपलं, कुठलं गवत संपलं. हिमरेषेच्याही वर, उघड्या खडकाला चिकटलेलं दगडफूल त्यानं टिपून ठेवलं.

मग धुकं क्षणभर फाटलं, शिखर समोर दिसलं. आणि पायापुढे एक भली मोठी भेग. पार करता येणं शक्यच नव्हतं. त्यानं बॅरोमीटर लावला. त्याच्या हिशेबानं ते सुमारे ५,८८० मीटरवर होते. इतक्या उंचीवर कुणी चढून गेल्याची नोंद तोवर युरोपात कुणाकडे नव्हती. तिथून ते परत फिरले, उतरताना गारा आणि बर्फानं झोडपलं.

शिखर हुकलं. त्याच्या कामाच्या दृष्टीनं मात्र फारसं काही हुकलं नव्हतं. पायथ्यापासून बर्फापर्यंत एका पर्वतावर हवामानाचे आणि वनस्पतींचे थर कसे बदलतात, याची मोजमापं त्याच्या वहीत होती.

एका कागदावर अख्खा पर्वत

१८०३ च्या सुरुवातीला ग्वायाकिल बंदरात त्यानं एक चित्र काढायला घेतलं. ते १८०७ मध्ये छापून आलं. चिंबोराझो मधोमध उभा कापलाय अशी कल्पना करा. कापलेल्या बाजूवर, ज्या उंचीवर जी वनस्पती सापडते तिथे तिचं नाव लिहिलेलं. खाली ताड आणि केळी, मग ओक, मग झुडपं, मग गवत, मग दगडफूल आणि वर बर्फ. दोन्ही बाजूंना रकाने. कुठल्या उंचीला तापमान किती, हवेचा दाब किती, आकाशाचा निळेपणा किती, आणि पृथ्वीच्या वेगवेगळ्या भागांत हिमरेषा किती उंचीवर.

आजच्या भाषेत याला इन्फोग्राफिक म्हणतात. मास कॉमच्या वर्गात आम्हाला शिकवतात की चांगल्या ग्राफिकनं दोन गोष्टींमधलं नातं एका नजरेत दाखवलं पाहिजे. दोनशे वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर नसताना, या माणसानं तेच केलं होतं. बर्फ, वनस्पती, हवा आणि उंची या वेगवेगळ्या खात्यांच्या गोष्टी नाहीत, त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत, हे ते चित्र बघितल्या बघितल्या कळायचं.

नॉर्वेचं कोडं

१८०४ मध्ये तो युरोपात परतला आणि पॅरिसमध्ये राहिला. पुढची वीसेक वर्षं लिखाण, छपाई आणि त्यात संपणारी वडिलोपार्जित संपत्ती असा कार्यक्रम चालू होता.

याच काळात फ्रायबर्गचा त्याचा मित्र लेओपोल्ड फॉन बुख नॉर्वे फिरून आला. तिथे त्याला काय दिसलं? समुद्राजवळच्या डोंगरांवर बर्फ खालपर्यंत उतरलेला, आणि आत, देशाच्या पोटात, त्याच पट्ट्यातल्या डोंगरांवर हिमरेषा वर. खरं तर आतल्या भागात हिवाळा जास्त कडक. सरासरी तापमानाचा नियम खरा असता तर बर्फ आतच खाली यायला हवा होता.

उत्तर उन्हाळ्यात होतं. किनाऱ्यावर हिवाळा सौम्य, पण हिमवृष्टी भरपूर आणि उन्हाळा ढगाळ, थंडगार. त्यामुळे पडलेला बर्फ वितळून संपतच नाही. आत हिवाळा कडक, पण बर्फ पडतो कमी आणि उन्हाळ्यात चांगलं ऊन. म्हणजे बर्फ टिकणं हे थंडी किती पडते यापेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून. किती साठला, आणि उन्हाळ्यानं त्यातला किती खाल्ला. बँकेच्या खात्यासारखं आहे हे. जमा आणि खर्च जिथे बरोबर होतात ती उंची म्हणजे हिमरेषा.

हम्बोल्टनं वेगवेगळ्या ठिकाणच्या हिमरेषांवरची सरासरी तापमानं समोर ठेवली. विषुववृत्ताजवळ ते शून्याच्या जरा वर निघालं, तर उत्तरेत शून्याच्या बरंच खाली. म्हणजे जुना नियम बाद. १८१७ चा समताप रेषांचा नकाशा याच विचारातून आला. अक्षवृत्त सरळ असतं, पण तापमानाची रेषा समुद्र, जमीन, वारे यांच्यामुळे वाकडीतिकडी धावते, हे त्यानं जगाला काढून दाखवलं.

हिमालयाचं बंद दार

अँडीज झाला. आता त्याला हिमालय हवा होता. दोन पर्वतरांगांची तुलना झाली तरच नियम पक्का होणार होता. त्यानं फारसी शिकायला घेतली. प्रशियाच्या राजानं १८१८ मध्ये त्याला पाच वर्षं दरसाल १२ हजार थालर द्यायचं कबूल केलं. पैसे होते, अनुभव होता, जगभर नाव होतं. नव्हती ती फक्त परवानगी, कारण भारताची वाट ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात होती.

१८१४ पासून तो लंडनला जाऊन प्रयत्न करत राहिला. मोठमोठी माणसं भेटली, आदर झाला, जेवणावळी झाल्या. परवानगी काही आली नाही. त्यामागे एक कारण असावं असं अभ्यासक मानतात. हम्बोल्टनं मेक्सिकोवरच्या आपल्या पुस्तकात स्पॅनिश राजवटीनं स्थानिकांचे कसे हाल केले ते स्पष्ट लिहिलं होतं. गुलामगिरीच्या तो आयुष्यभर विरोधात होता. असा माणूस वही-पेन्सिल घेऊन भारतात फिरला तर कंपनीच्या कारभाराबद्दल काय लिहील, याचा अंदाज लंडनमध्ये कुणालाही करता आला असता.

म्हणजे एकीकडे त्याच्या लिखाणानं त्याला जगप्रसिद्ध केलं, आणि बहुधा त्याच लिखाणानं त्याचं सगळ्यात मोठं स्वप्न अडवलं. त्यानं पुढे भाषा सौम्य केली का? नाही. १८२६ मध्ये क्युबावरचं पुस्तक आलं, त्यात गुलामगिरीवर अख्खं प्रकरण होतं. तीस वर्षांनी अमेरिकेत इंग्रजी भाषांतर करणाऱ्यानं ते प्रकरण गाळलं, तेव्हा ८६ वर्षांच्या हम्बोल्टनं जाहीर निषेध केला.

नीती खिंडीतला ऑगस्ट

जाता येत नाही म्हटल्यावर त्यानं दुसरा मार्ग धरला. जे जाऊ शकत होते त्यांचे आकडे वाचायला सुरुवात केली. कंपनीचा सर्वेक्षक कॅप्टन विल्यम वेब तेव्हा कुमाऊँ-गढवालच्या भागात डोंगर मोजत होता. त्याचे अहवाल युरोपात पोचले की हम्बोल्ट त्यावर तुटून पडायचा. पहिला धक्का म्हणजे त्याचा लाडका चिंबोराझो जगात सगळ्यात उंच नव्हता. हिमालयाची शिखरं त्याहून कितीतरी वर निघाली.

दुसरा धक्का जास्त मोठा होता. १८१८ च्या ऑगस्टमध्ये वेब तिबेटच्या सीमेवरच्या नीती खिंडीत पोचला. आजच्या उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात आहे ही खिंड. उंची पाच हजार मीटरच्या वर. आणि तिथे बर्फ नव्हता!

जरा विचार करा. विषुववृत्तावरच्या अँडीजमध्ये बर्फ सुमारे ४,८०० मीटरला सुरू होतो. नीती तर विषुववृत्तापासून तीस अंश उत्तरेला. जुन्या नियमानं तिथला बर्फ हजारभर मीटर तरी खाली यायला हवा. युरोपातल्या बऱ्याच जणांनी म्हणूनच वेबची मोजणी चुकली असं ठरवून टाकलं.

हम्बोल्टनं मोजणीवर विश्वास ठेवला आणि नियमावर संशय घेतला. १८२० मध्ये त्यानं हिमालय आणि विषुववृत्ताकडच्या प्रदेशांतल्या हिमरेषेवर लेख लिहिला. त्याच्या हिशेबानं हिमालयाच्या दक्षिण उतारावर हिमरेषा सुमारे ३,९५० मीटर, तर तिबेटकडच्या उत्तर उतारावर सुमारे ५,०७० मीटर. म्हणजे उन्हाकडे तोंड असलेल्या दक्षिण बाजूला बर्फ खाली, आणि सावलीच्या उत्तर बाजूला वर. सगळंच उलटं.

कारण आपल्याकडच्या माणसाला पटकन कळेल. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावमध्ये टँकरची वाट बघतात. सह्याद्री ढग अडवतो, पलीकडे पर्जन्यछाया. हिमालयात हेच भव्य प्रमाणावर होतं. मान्सूनचे ढग दक्षिण बाजूला रिकामे होतात, वर बर्फाचे थर साचतात. पलीकडे तिबेटचं कोरडं पठार. तिथे बर्फ पडतोच थोडा, आकाश निरभ्र, आणि उंचावरचं पठार उन्हाळ्यात तापून वरची हवा गरम करतं. जमा कमी, खर्च जास्त. रेषा वर सरकते.

घोडागाडीतून सैबेरिया

यावर वाद पेटला. ज्यांनी हिमालय पाहिला होता त्यांच्यातलेही काही जण म्हणाले, हे खोटं आहे. हम्बोल्टकडे उत्तर देण्याचा एकच मार्ग होता, आणखी आकडे. पैसे संपल्यामुळे १८२७ मध्ये तो बर्लिनला परतून राजाच्या दरबारी नोकरी करू लागला होता. त्या हिवाळ्यात त्यानं निसर्गविज्ञानावर मोफत व्याख्यानं दिली. विद्यापीठाची दारं बंद असलेल्या बायका, कारागीर, विद्यार्थी, सगळे ऐकायला लोटले.

१८२९ मध्ये रशियाच्या सरकारनं खाणी बघायला बोलावलं. हिमालय नाही तर निदान आशियाचं पोट तरी बघू, म्हणून साठीचा हा माणूस निघाला. उरल पर्वत, तिथून ठरलेला मार्ग सोडून अल्ताई, वाटेत गुरं आणि माणसं मारणारी अँथ्रॅक्सची साथ, तिच्यातून सुसाट गाड्या हाकत थेट चीनच्या सीमेपर्यंत. सहा-आठ महिन्यांत पंधरा हजार किलोमीटरहून जास्त प्रवास.

त्यातून १८४३ मध्ये मध्य आशियावरचा तीन खंडांचा ग्रंथ आला. त्यात हिमरेषेवर सविस्तर लिखाण आहे. त्याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे, जी आज वाचताना अंगावर येते. माणूस हवामान बदलतो, असं त्यानं लिहिलं आणि तीन कारणं दिली. जंगलतोड, पाण्याची फिरवाफिरव, आणि कारखान्यांच्या गावांतून हवेत सुटणारी वाफ आणि वायू. वर्ष १८४३.

निकाल लागला

१८४८ नंतर दोन माणसांनी हा वाद मिटवला. कुमाऊँत रिचर्ड स्ट्रेची आणि सिक्कीममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर. हूकर भारतात यायच्या आधी पॅरिसमध्ये हम्बोल्टला भेटला होता, आणि त्याचे प्रश्न सोबत घेऊन आला होता. दोघांनी प्रत्यक्ष जाऊन मोजलं. हम्बोल्टनं धरलेले दोन्ही आकडे कमी होते, खरी हिमरेषा दोन्ही बाजूंना त्याहून वर निघाली. पण मूळ मुद्दा पक्का ठरला. तिबेटकडची रेषा दक्षिणेपेक्षा खरंच खूप उंच आहे, आणि विषुववृत्तापेक्षाही.

शेवटी हम्बोल्टच्या शिफारशीनं तीन जर्मन भावांना भारताची परवानगी मिळाली. हेरमान, आडोल्फ आणि रोबेर्ट श्लागिन्ट्वाइट. ते १८५४ मध्ये मुंबईत उतरले, दख्खन ओलांडून मद्रासला गेले आणि तिथून पुढे हिमालयात. १८५५ मध्ये आडोल्फ आणि रोबेर्ट गढवालच्या अबी गामीनवर सुमारे ६,७८० मीटरपर्यंत चढले. त्यांच्या गुरूच्या चिंबोराझोपेक्षा नऊशे मीटर वर. आडोल्फ मात्र परतला नाही. १८५७ मध्ये काशगरला त्याला ठार मारण्यात आलं.

म्हाताऱ्या हम्बोल्टनं हे सगळं बर्लिनमध्ये बसून पत्रांतून वाचलं. स्वतः कर्जात होता, पण तरुण संशोधकांसाठी शिफारसपत्रं लिहिणं थांबलं नव्हतं. ६ मे १८५९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी तो गेला. त्याच्या ‘कॉसमॉस’ या ग्रंथाचा पाचवा खंड अपुराच राहिला.

रेषा सरकली, हे कळलं कसं?

२०१२ मध्ये संशोधकांची एक टीम हम्बोल्टच्या नोंदी घेऊन चिंबोराझोवर चढली. २०१५ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. २१० वर्षांत झाडझाडोरा सरासरी पाचशे मीटरहून जास्त वर सरकलाय, आणि बर्फाची कडाही वर गेलीय. २०१९ मध्ये दुसऱ्या टीमनं हम्बोल्टच्या मूळ वह्या आणि नमुने पुन्हा तपासले. चित्रातल्या अगदी वरच्या पट्ट्यातल्या वनस्पती मुळात चिंबोराझोवरच्या नव्हत्या, त्या अँतिसाना पर्वतावर गोळा केलेल्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं. मग अँतिसानावर तुलना केली, तर वनस्पती २१५ ते २६६ मीटर वर सरकलेल्या निघाल्या. आकडा कमी झाला, दिशा तीच राहिली.

दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाची चूक आज पकडता येते आणि दुरुस्तही करता येते, कारण त्यानं काय, कुठे, कधी पाहिलं ते लिहून ठेवलं होतं. बर्फ वर सरकतोय हे म्हणायला आधी तो कुठे होता हे कुणीतरी मोजलेलं असावं लागतं. अँडीजसाठी ते काम हम्बोल्टनं केलं.

हिमालयात ते काम आज आपली माणसं करतायत. हिमाचलातल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून भारतीय संशोधक जमा-खर्चाची मोजणी करतायत. किती बर्फ साठला, किती वितळला, रेषा यंदा कुठे थांबली. त्यात पीएचडीचे विद्यार्थीही असतात, म्हणजे आपल्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठे. ज्या पर्वतावर पाय ठेवायला हम्बोल्ट आयुष्यभर तळमळला, तिथे जायला त्यांना कुठल्या कंपनीच्या मर्जीची वाट बघावी लागत नाही. आणि ते आज वहीत लिहितायत ते आकडे २२०० साली कुणीतरी उघडणार आहे.